इखार सरांची हजेरी

इखार सर वर्गात नावं पुकारत नसत. ते फक्त रोल नंबर म्हणत, आणि त्या नंबरच्या मुलानं उभं राहून आपल्या घरी या आठवड्यात काय बिघडलं ते सांगायचं. "येस सर" म्हणणारा गैरहजर. "काही नाही सर" म्हणणाराही गैरहजर.

"ज्याच्या घरी काईच बिघडत नाई, त्याले इंजिनेर कायले व्हा लागते?" सर म्हणत. "घरी जाय. निवांत झोप."

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज वर्ध्याबाहेर, नागपूर रस्त्याला, तुरीच्या शेतांना लागून आहे. मी तिथं ग्रंथपाल. माझ्या वाचनालयाची आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची भिंत एकच, आणि वरच्या झरोक्याची झडप कधी लागतच नाही. त्यामुळे रोज सकाळी सव्वादहाला ती हजेरी मला पाठ असल्यासारखी ऐकू येई. मिक्सरचं भांडं अडकते. फवारणीच्या पंपाचं नोझल बुजलं. आजोबाच्या कवळीचा दात निघाला. एकानं सांगितलं, आमची म्हैस दूध देत नाही. सरांनी त्याला हजर धरलं, पण पुढं शेरा लिहिला, 'विषय आपल्या विभागाचा नाही.'

सर गेले त्याला आता बरेच महिने झाले. ते वाचून परत करीत त्या पुस्तकात कुठवर वाचलं हे ग्रीसच्या अंगठ्याच्या ठशावरून कळे. बाकीची पुस्तकं मी स्वच्छ करते. सरांची तशीच ठेवली आहेत.

उंचीनं बेताचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशाला पेन नसे, टेस्टर असे. सही करायची वेळ आली की ते समोरच्याकडे हात पसरत, आणि त्याचं पेन परत करण्याआधी एकदा उघडून त्याची स्प्रिंग बघत. प्राचार्यांचं पेनसुद्धा त्यांनी एका सभेत असंच उघडलं होतं. स्प्रिंग उडून पाहुण्यांच्या चहात पडली. सर म्हणाले, "कमजोर होती थे. बरं झालं, कळलं."

हजेरीत सांगितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी पोत्यात घालून वर्गात यायची. टेबलावर उलथायची, सगळ्यांनी खोलायची, धडा तिच्यावरच चालायचा. जी वस्तू उचलून आणता येत नाही तिच्याकडे शनिवारी वर्ग जायचा. सव्वीस मुलंमुली, दहा-बारा मोटरसायकली, काही एसटीनं, आणि सगळ्यांच्या पुढं सरांची जुनी स्कूटर.

अशाच एका शनिवारी आष्टीकडच्या एका शेतात विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला सगळे गेले. निखिल वर्गातला हुशार मुलगा. त्यानं जळालेली वायर बदलली, बटण दाबलं, मोटर मस्त फिरू लागली. पाणी मात्र येईना. निखिलनं वही काढली. विहिरीची खोली, पाइपाचा व्यास, बेंडमध्ये किती दाब जातो, अशी दीड पानं आकडेमोड झाली आणि निष्कर्ष निघाला की या पंपाची ताकद या विहिरीला पुरणार नाही, नवीन घ्यावा लागेल. बांधावर बसलेली म्हातारी हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "बापू, उलटी फिरून राह्यली थे. तीनातल्या दोन वायरी बदलव ना."

दोन वायरींची अदलाबदल केली. पाणी आलं.

सरांनी त्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस मुलांना गैरहजर लावलं आणि रजिस्टरच्या शेवटच्या ओळीत म्हातारीचं नाव घातलं. पुढं लिहिलं, 'पाहुण्या व्याख्यात्या.' आजीनं डाव्या हाताचा अंगठा दिला. निखिलची ती दीड पानं सरांनी फाडू दिली नाहीत. "ठेव. नोकरी लागली का कामी येईन. तेथं असेच लोकं भेटतीन तुले."

विभागप्रमुखांना हे काही पसंत नव्हतं. तपासणी समितीला असलं रजिस्टर कसं दाखवायचं, ही त्यांची अडचण खरी होती. पण सर मागं हटणाऱ्यांतले नव्हते. आमच्याकडं येणारी निम्मी मुलं खेड्यातली. वर्गात इंग्रजी सुरू झालं की मान खाली घालून बसत आणि चार वर्षांनी तशीच मान खाली घालून पदवी घेऊन जात. सर म्हणत, "पोट्ट्यायले बोलतं केल्याशिवाय मी काई रिटायर होत नाई. घरातलं काई बिघडलं, थे तं सांगता येते ना सगळ्यायले? तेथून सुरू करू."

पल्लवीला तेही सांगता येत नव्हतं.

ती हिंगणीची. रोल नंबर सतरा. जानेवारीत सत्र सुरू झाल्यापासून ती रोज उभी राही आणि रोज तेच म्हणे, "काही नाही सर." सर रोज तिला गैरहजर लावत. तास मात्र ती पूर्ण बसे, टेबलावर आलेली वस्तू सगळ्यांच्या आधी खोले आणि सगळ्यांच्या आधी लावे. मुलं तिला सांगून थकली, "अवं, खोटं सांग ना काई. पंखा म्हण." ती नाही म्हणे. मार्च लागला तेव्हा तिची हजेरी पाहून विभागप्रमुखांनी तिचं नाव परीक्षेला न बसणाऱ्यांच्या यादीत टाकलं. एप्रिलच्या शेवटी यादी पक्की होणार होती. पंचाहत्तर टक्के नाहीत, तर परीक्षा नाही, वर्ष वाया.

मी सरांना म्हटलं, "सर, ती रोज वर्गात असते. मला इथून तिचा आवाज ऐकू येतो."

"मले बी येते, मॅडम," सर म्हणाले. "पण एकीसाठी सूट देली तं बाकीच्यायनं काऊन सांगाव? मी काई तिच्यासाठी रजिस्टरात खोटं लिहिणार नाई. अन् थे बी मोठी खटाची हाय. पाहू, कोण थकते."

थकलं कोणीच नाही. मीच एक दिवस पल्लवीला पुस्तकांच्या कपाटामागं बसवून विचारलं. ती बराच वेळ पुस्तकाची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आईची पायाची शिलाई मशीन बिघडली हाये. दिवाळीपासून. टाका सोडते."

"मग सांगत का नाहीस?"

"सांगतलं तं सगळे घरी येतीन ना." ती थांबली. "सव्वीस जण अन् सर. आमच्या घरी कप चार हायेत. आई कोणाले चहाशिवाय जाऊ देणार नाई."

मी हे सरांना सांगितलं. सरांनी खिशातला टेस्टर काढला, उगाच त्याचं टोक पाहिलं, परत ठेवला.

"एवढे वर्षं शिकवून राह्यलो," ते म्हणाले. "कप नाई मोजले मी कधी."

दुसऱ्या दिवशी वर्गात नवीन नियम आला. बाहेरगावच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकानं आपापला गिलास आणायचा. "तब्येतीचा सवाल हाय. एकमेकाचं उष्टं पेता तुमी." निखिलनं विचारलं, "सर, आत्तापर्यंत तं काई झालं नाई?" सर म्हणाले, "थेच तं. झाल्यावर शिकवू का?" दोन शनिवार नियम पाळला गेला. कोणी स्टीलचा पेला आणी, कोणी बाटलीचं झाकण, एकानं केमिस्ट्रीच्या लॅबमधलं बीकर आणलं आणि त्याच्यावरच्या खुणांप्रमाणे शंभर मिली चहा मागितला.

तिसऱ्या सोमवारी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "सतरा."

"शिलाई मशीन, सर."

मग सरांचा नेहमीचा आवाज. "अठरा."

हिंगणीला त्या शनिवारी पल्लवीच्या आईनं भाताच्या पातेल्यात चहा केला आणि सत्तावीस गिलास एका पलंगावर मांडले. मशीन पल्लवीनंच खोललं. सर दारात उकिडवे बसून नुसतं पाहत होते.

पण पल्लवीची हजेरी अजून कमी पडत होती. सरांनी विभागप्रमुखांशी भांडून एक गोष्ट मान्य करून घेतली होती. एक घरची दुरुस्ती म्हणजे चार तास प्रात्यक्षिक. पल्लवीनं पुढचे सगळे शनिवार गाठले. यादी जाण्याआधीचा शेवटचा शनिवार उरला, चार तास उरले, आणि वर्गातल्या सव्वीस घरांत बिघडलेलं काही उरलं नाही. शुक्रवारी सर फळ्याकडे पाठ करून उभे राहिले. "सांगा बे कोणीतरी. पहिल्यांदा असं झालं."

तेव्हा पल्लवी उभी राहिली. "सर, तुमच्या घरी काय बिघडलं?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "काई नाई."

"मंग गैरहजर," निखिल मागून म्हणाला. पुन्हा हसू आलं, ते लवकर थांबलं. भिंतीअलीकडं मी हातातलं पुस्तक मिटून बसले होते.

"या उद्या चार वाजता," सर म्हणाले. "आपापले गिलास घेऊन."

पल्लवीच्या आग्रहानं मीही गेले. सरांचं घर रामनगरात, दोन खोल्या आणि मागं अंगण. एप्रिलात आमच्याकडं दुपारी चारला भिंतीला हात लावता येत नाही. गल्लीत खिडकीखिडकीला कूलर घरघरत होते. एका सरांच्याच खिडकीला नव्हता. आत खाट, पुस्तकं, हातपंखा. कूलर मागच्या पडवीत प्लास्टिक पांघरून ठेवला होता. सरांच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दोन उन्हाळे सरांनी तसेच काढले होते, हे मला तेव्हा कळलं. रोज त्यांच्याशी बोलत असूनही.

निखिलनं प्लास्टिक काढून वायर लावली. कूलर लगेच सुरू झाला. खडखडत, पण जोरात.

"सर, हा तं चालू हाये. बिघडलं काय?"

"आवाज," सर म्हणाले.

"आवाज तं सगळ्याच कूलरले असते, सर."

सरांनी बटण बंद केलं. "तुमच्या काकू आत झोपल्या होत्या, या खाटीवर. दुपारची वेळ. मी अंगणात स्कूटर खोलून बसलो होतो. कूलर सुरू होता." ते कूलरच्या पत्र्यावर तळवा ठेवून बोलत होते. "तिनं हाक मारली असंन. का नसंन मारली. थे मले माहीत नाई."

पल्लवी खाली बसली आणि तिनं पान्हा मागितला.

मग दीड तास काम चाललं. पंख्याचं एक पातं वाकलं होतं, ते सरळ करून तोललं. मोटरचं झिजलेलं बूश बदललं. तिच्या बोल्टांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. सैल झालेल्या पत्र्यांना कापडाची पट्टी लावली. सर कशाला हात लावत नव्हते. कूलर खिडकीत बसवला, सुरू केला. खडखड गेली होती. वाऱ्याचा आवाज राहिला.

"झालं, सर," निखिल म्हणाला.

"नाई झालं. तपासलं कोणी?" सर मागच्या दारातून अंगणात गेले, अगदी शेवटी, चुलीजवळच्या दगडावर आमच्याकडं पाठ करून बसले. तिथून म्हणाले, "पल्लवी, खाटीवर पड. अन् हाक मार."

पल्लवी माझ्याकडं पाहू लागली. मी मान हलवली. ती खाटेवर आडवी झाली. "सर," ती म्हणाली.

"आली ऐकू. हे तं तंदुरुस्त माणसाची हाक झाली. बारीक आवाजात मार."

"सर."

अंगणातून उत्तर आलं नाही. निखिलनं कूलर थांबवला, मागचा एक पत्रा काढला, ट्यूबचा आणखी एक तुकडा दुमडून बसवला, पुन्हा सुरू केला. दारात उभी असलेली मुलं एकेक करून बाजूला झाली, मधली वाट मोकळी राहिली. पल्लवीनं डोळे मिटले आणि अंगात बळ नसलेलं माणूस बोलेल तसं, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "सर."

अंगणातून, मागं वळून न पाहता, सर म्हणाले, "आलो."