डोमाभाऊंच्या तीन छागला

लोक उन्हाळ्यात पाहुणपणाला जाताना आंबे नेतात, पापड नेतात, फार तर लोणच्याची बरणी नेतात. आमच्या समोरचे डोमाभाऊ पाणी नेत. तेही शेजारच्या गावाला नव्हे, वरठीहून निघून, मध्यप्रदेश आडवा ओलांडून, थेट ओरिसात. मे महिना लागला की त्यांच्या जुन्या जीपच्या पुढच्या बंपरला तीन छागला लटकायच्या. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वारा लागला की आतलं पाणी गार होतं. त्या काळी ट्रकला, जीपला एखादी छागल असायचीच, पण तीन फक्त डोमाभाऊंकडे. समोरून पाहिलं की जीप दुभती वाटायची.

डोमाभाऊंची वरठीत धान भरडायची गिरणी होती आणि मी स्टेशनच्या मालधक्क्यावर बाबू होतो. आमच्या दोन घरांमध्ये एक रस्ता आणि गिरणीचा कोंडा, एवढंच अंतर. माणूस बुटका, अंगभर कोंडा उडालेला, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की जगात जे काही चाललंय ते आपल्याला आधीच विचारून चाललंय. ऐन हंगामात, दारात बैलगाड्यांची रांग लागलेली असताना गिरणीचा पट्टा तुटला, तर म्हणत, "हिसाबात हाय." वादळात छपराचं टिन उडून तळ्यात पडलं, तेव्हाही "हिसाबात होतं." थोरल्या मुलीच्या लग्नात बँडवाले चुकून दुसऱ्याच गावी गेले. वरबाप चिडला. डोमाभाऊ म्हणाले, "हिसाबात हाय, येतीन." ते आले तेव्हा वऱ्हाडी जेवायला बसले होते. डोमाभाऊंनी त्यांना पंगतीत वाजवायला लावलं. वरणभात खाताना कानाशी वाजणारा तो क्लॅरिनेट मी अजून विसरलो नाही.

दुसरं त्यांचं वेड पाण्याचं. "पानी ओळखीचं पायजे, बाबू," असं ते म्हणत. हॉटेलात चहा पीत, पण पाण्याचा पेला बाजूला सारत. माझ्या घरी आले तरी पेल्यात डोकावून विचारत, "हे कोनत्या हिरीचं?" मी सांगितलं की मगच पीत. मला आधी वाटलं, हा नुसता विक्षिप्तपणा आहे. ओरिसाच्या पाण्याची भानगड कळायला मला त्यांच्या जीपमध्ये बसावं लागलं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक दिवस संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले.

"बाबू, औंदा सुट्टी टाक. ओरिसा दाखवतो तुले."

"मी कायले येऊ भाऊ? तुमची पोरगी, तुमचा जावई."

"अरे, हवा बदलते मानसाले."

मला वाटलं, माझ्यावर जीव आहे. निघताना घराजवळच्या उतारावरून जीप मोठ्या रुबाबात सुरू झाली. रेल्वेच्या फाटकाशी थांबलो, फाटक उघडलं आणि जीप हूं का चूं करेना. रस्ता तिथे सपाट.

"सेल्फ गेला काय भाऊ?"

"हिसाबात हाय," ते म्हणाले, "म्हून त तुले आनलं."

तिथून पुढे तीन राज्यांत मिळून मी त्या जीपला जेवढे धक्के मारले, तेवढी पोती मालधक्क्यावर कधी मोजली नसतील. सुभद्रावहिनी, म्हणजे डोमाभाऊंच्या पत्नी, मागे बसत. पुढची सीट तापते, असं त्यांचं म्हणणं. एकोडीला डोमाभाऊंच्या भावाकडे वाकडी वाट करून आम्ही चिन्नोर तांदळाचं पोतं घेतलं, आणि मग वहिनींना त्या पोत्याचं सिंहासन मिळालं. तिथून त्या हुकूम सोडत. डोमाभाऊ कधी कोणाला रस्ता विचारत नसत. वहिनी रस्ता झाडांवरून ओळखत.

"अवो, मांगच्या टायमाले अथी मोहाचं झाड होतं. वळा!"

"आता त नाही दिसून राहिलं."

"तोडलं असन. झाड तोडलं म्हून का रस्ता जाते? वळा!"

आणि खरोखर रस्ता तिथेच असे.

दुर्गला थोरली मुलगी शकुन. तिथे दोन नातवंडं. तिथे डोमाभाऊ चार घास जास्तच जेवले, माठातलं पाणी मनसोक्त प्याले, आणि पहाटे निघताना शकुनच्याच विहिरीवर तिन्ही छागला पुन्हा तुडुंब भरल्या. मी म्हटलं, इथलं पाणी चालतं तर पुढे का चालत नाही? त्यांनी छागलांची तोंडं दोनदा आवळली.

रायपूर मागे टाकलं आणि दुपारी जीपचा रेडिएटर उकळला. मी सहज एक छागल काढायला गेलो, तर डोमाभाऊ एवढ्या जोरात ओरडले की पोत्यावर पेंगणाऱ्या वहिनी दचकल्या.

"त्याले हात लावू नोको! ते पोरीच्या गावासाठी हाय."

मग समोर तीन पिशव्या गार पाणी लटकत असताना मी टिनाचा डबा घेऊन, डोक्याला पंचा बांधून, लांबच्या तळ्यावर गेलो. डबा घेऊन परत आलो तेव्हा डोमाभाऊ जीपखाली शिरले होते आणि नुसते पाय दिसत होते. माझ्या तोंडावरचा राग वहिनींनी वाचला असावा. त्या मला जरा बाजूच्या सावलीत घेऊन गेल्या.

"रागावू नोका बाबू. तुमाले माहीत नाही. आमच्यात लेकीले लेकरू होईपावतर माय-बाप तिच्या घरचं खात नाही, पानी बी पेत नाही. शकुनले दुसऱ्याच साली लेकरू झालं, नेम सुटला. मंदीच्या लग्नाले इतके वर्सं झाले."

मंदा म्हणजे धाकटी. जावई ओरिसात कालव्याच्या कामावर. दर उन्हाळ्यात हे दोघं एवढ्या लांब जायचे आणि मुलीच्या अंगणात, कडुनिंबाखाली, तीन विटांची चूल मांडून स्वतःचा भात शिजवायचे. छागलेचं पाणी प्यायचे. मुलगी शेजारी बसून आईच्या हातचं जेवायची. तिचा माठ आत भरलेला असायचा.

"मांगच्या साली निंगताना मंदी म्हने," वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, "बाबा, आता येऊ नोका. तुमी एवढ्या उन्हातून येता अन् माह्या दारात तहानलेले बसता. कालनीतल्या बाया पायतात. मले वाटते माह्या हातातच काही खोट हाय. वर्स झालं, एक चिठ्ठी नाही टाकली पोरीनं."

"मग भाऊ काय म्हणाले?"

"हिसाबात हाय बी नाही म्हनाले. रात रात झोपत नाही. मी म्हनलं, मोडा तो नेम, पेऊन घ्या. त म्हनतात, पेलो म्हंजे आता तिले लेकरू होतच नाही, असं मीच कबूल केल्यासारखं होते. बाप कसा कबूल करन? औंदा पुन्हा तसंच झालं त पोरगी दार उघडनार नाही बाबू."

जीपखालून लोखंडी पाना पडल्याचा आवाज आला. वहिनींनी पदर सावरला. डोमाभाऊंनी हे ऐकलं की नाही, देव जाणे. मी मात्र त्यानंतर धक्का मारताना कुरकुर केली नाही.

ओरिसाची हद्द ओलांडून बरंच आत गेल्यावर आम्ही एका आंब्याखाली थांबलो. मंदाचं गाव तिथून घटकाभर राहिलं होतं. वहिनी पोत्याला टेकून डोळे मिटून पडल्या. मीही पंचा तोंडावर घेतला. पंचा जुना होता, विरलेला. त्यातून जग दिसायचं.

डोमाभाऊ उठले आणि बंपरपाशी गेले. आधी आमच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. तिथे चिटपाखरू नव्हतं. त्यांनी एक छागल काढली, तिचं तोंड सोडलं आणि आंब्याच्या बुंध्याशी उलटी केली. दुर्गच्या विहिरीचं ते गार पाणी भदभद वाहून गेलं. मग दुसरी उलटी केली. ऊन डोक्यात गेलं की काय, म्हणून मी ओरडणारच होतो, पण वहिनींकडे नजर गेली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, ओठ मात्र घट्ट आवळलेले, आणि एका हाताने त्यांनी पोत्याचा कोपरा मुठीत धरला होता. तिसरी छागल हातात घेऊन डोमाभाऊ बराच वेळ उभे होते. घसा सुकला असणार, कारण सकाळपासून कोणीच धड पाणी प्यालं नव्हतं. वाटलं, निदान एक घोट घेतील. त्यांनी तीही उलटी केली.

मग मोठ्याने खाकरून म्हणाले, "चला हो. उठा."

मी धक्का मारला.

मंदा फाटकाशी उभी होती. आमची जीप येणार हे तिला कोणी कळवलं नव्हतं. मे महिना कळवत असेल. उंच, सावळी, वडिलांसारखीच भुवई. ती आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पाया पडली, मला नमस्कार केला. निंबाखाली खाट आणून टाकली. आणि आत गेली ती पंखा घेऊन बाहेर आली, नुसताच पंखा. दर वर्षी ती तांब्या-पेला आणायची आणि तसाच परत न्यायची, असं वहिनींनी सांगितलं होतं. या वर्षी तिने ते आणलेच नाहीत. बाबांनी पुन्हा नाही म्हणावं, हे तिला नको होतं.

डोमाभाऊ खाटेवर बसले. जीभ ओठांवरून फिरवली.

"भल्ली गरमी हाय तुमच्या ओरिसात."

"हो बाबा."

"रस्त्यानं लय धूळ."

"हो."

जीपकडे पाहत ते म्हणाले, "छागल सांडली."

मंदाने जीपकडे पाहिलं. तीन पिशव्या सुकून चपट्या लोंबत होत्या.

"तिन्ही बी?"

"तिन्ही बी. हे काही हिसाबात नवतं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मंदा पंखा हलवायची थांबली. तिला काय समजायचं ते समजलं असावं, पण बिचारीला खात्री वाटेना. खाली बघत म्हणाली,

"मंग शेजारच्या काकूकडून आनू का?"

"शेजारच्या पान्याची मले ओळख नाही," डोमाभाऊ म्हणाले. "तुह्या माठातलं दे."

ती धावतच आत गेली. आतून पेला पडल्याचा आवाज आला. तांब्या घेऊन आली ती एवढ्या घाईत की निम्मं पाणी डोमाभाऊंच्या धोतरावर सांडलं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि वरून धार न धरता, तोंड लावून, न थांबता प्याले. मिशा पुसल्या. तांब्या पुढे केला. "आनखी."

"अन् मी काय तहानेनं मरू काय?" मागून वहिनी ओरडल्या आणि ओरडता ओरडताच रडायला लागल्या. मग मंदाही रडली. मी जीपचं बॉनेट उघडून उगाच आत बघत बसलो. त्या संध्याकाळी निंबाखाली तीन विटांची चूल मांडली गेली नाही.

मंदाला पुढेही मूल झालं नाही. डोमाभाऊंनी तोंडाने ते कधीच कबूल केलं नाही. दर मे महिन्यात तिन्ही छागला भरूनच निघत, आणि दर मे महिन्यात ओरिसाच्या हद्दीत त्या सांडत. "कायचं कॅनव्हास देतात आजकाल!" असं म्हणत. नवं कॅनव्हास मात्र घेत नसत.

परतताना त्या छागला मंदाच्या हातून भरून घ्यायच्या, ही नवी रीत त्या वर्षीपासून सुरू झाली. आम्ही बालाघाटवरून बपेऱ्याच्या वाटेने घरी आलो. रेडिएटर दोनदा उकळला, दोन्ही वेळा मी डबा घेऊन तळं शोधलं. वरठीत पोचल्यावर डोमाभाऊंनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून पेला पेला पाणी पाजलं. कोमट, कॅनव्हासच्या वासाचं पाणी.

"कसं हाय बाबू?"

"गोड हाय भाऊ," मी म्हटलं. आणि ते गोडच लागलं.

उरलेलं त्यांनी घरातल्या पितळी गुंडात, म्हणजे घागरीत, ओतून ठेवलं आणि रोज गिरणीवरून आल्यावर त्यातलं घोटभर पीत. वहिनी म्हणत, "अवो, कुजलं ते." ते म्हणत, "अजून पुरते." एक दिवस मी ओट्यावरून पाहिलं. त्यांनी गुंड पूर्ण तिरपा केला, खाली पेला धरला, थोडा वेळ तसेच थांबले, आणि गुंड पालथा घालून ठेवला. मग बाहेर आले आणि भर दुपारी जीपचं बॉनेट उघडून बसले.

"भाऊ, आता कुठं?"

"कुठं नाही," ते आत बघतच म्हणाले. "पुढल्या उन्हाळ्याचा हिसाब करून राहिलो."