तिजोरीतले साहेब

थोरलीने वीस वर्षं कारखान्याचं कँटीन चालवलं आणि मग शंभर वर्षांपूर्वीची, बंद पडलेली बँकेची इमारत हॉटेलसाठी भाड्याने घेतली. तिने आणि तिच्या सुतार भावाने आठ महिने खपून दगडी खांब घासले, काउंटरला पॉलिश केलं. उद्घाटन परवावर आलं, तरी वारसा खात्याच्या साहेबांची सही बाकीच होती.

साहेब आले ते कपाळावर आठ्या घालूनच. "स्वयंपाकाचा धूर, वास या दगडात मुरणार. मला नाही वाटत परवानगी मिळेल."

"तिजोरीची खोली तरी बघा," भाऊ म्हणाला. साहेब आत शिरले. भाऊ बाहेरून कौतुकाने सांगू लागला, "एवढं जड दार, पण मी तेल घातल्यापासून एका बोटाने हलतं." आणि त्याने हलवून दाखवलं. खट्ट.

कुलपाला दोन किल्ल्या लागत. एक थोरलीकडे होती. दुसरी निवृत्त कॅशियरकाका आठवण म्हणून घरी घेऊन गेले होते, आणि ते घर दोन तासांवर.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मी कुठेतरी निघून जातो."

"आधी काकांना फोन लाव, मग जा."

थोरली मागच्या अंगणात गेली आणि तिने स्टुलावर चढून तिजोरीच्या झरोक्याशी तोंड नेलं. "साहेब, हवा येतेय ना?"

"हवा येतेय. परवानगी मात्र गेली समजा."

हात चालू राहिले की डोकं शांत राहतं, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन मासे तळायला लागली. दीड तासाने ती पुन्हा स्टुलावर चढली, तेव्हा झरोक्यातून मऊ आवाज आला. "बाई, काही शिजतंय का हो? भूक लागलीय."

"मघापासून मासेच तळतेय साहेब. भिंतीपलीकडे."

आतून दोनदा जोरात हुंगल्याचा आवाज आला. "मग मला वास कसा नाही आला?"

थोरली स्टुलावरून पडता पडता वाचली. "साहेब, एवढंच कागदावर लिहाल?"

काका आले ते इस्त्रीच्या कपड्यांत. "अर्ज कुठे आहे? अर्जाशिवाय हे दार मी कधीच उघडलेलं नाही."

साहेबांनी आतून अर्ज लिहून झरोक्यातून दिला. 'कारण : बाहेर येणे.' काकांनी तो चष्मा लावून वाचला आणि परत पाठवला. "तारीख राहिली."

दार उघडलं. साहेबांनी आधी चार तुकड्या खाल्ल्या, मग दाखला लिहिला : 'धूर व वास आत पोचत नाही. खाली सही करणाऱ्याने दोन तास आत बसून स्वतः खात्री केली आहे.'

उद्घाटनाला एकही टेबल रिकामं राहिलं नाही. साहेबही सहकुटुंब आले. जेवण झाल्यावर त्यांच्या पत्नीने थोरलीला हळूच बाजूला घेतलं.

"यांना दोन तास एका जागी बसवलंत? लग्न झाल्यापासून मला हे जमलेलं नाही."