जागा सोड ना बापा

मेश्रामकाकांना हॉटेलात न्यायचं असेल, तर आपण घरून जेवून निघावं. मेन्यूकार्ड हाती आलं की त्यांच्या खिशातून लाल पेन्सिल निघते. इडलीची ओळ वर सरकते, कडेच्या वेलबुट्टीवर फुली पडते, आणि वेटर बिचारा ऑर्डरची वही घेऊन ताटकळत राहतो. एकदा तर मॅनेजरच आला. म्हटलं, झालं, आता बाहेर काढतोय. तर त्याने नवीन कार्ड करून मागितलं आणि आमचं जेवण आणखी तासभर लांबलं.

काका मूळचे नागपूरचे, इथे परदेशात, ट्रॉय शहरात आमचे शेजारी. अर्धं आयुष्य गाड्यांची ब्रोशर्स करण्यात गेलं, उरलेलं कॉलेजात डिझाइन शिकवण्यात. पानावर गर्दी दिसली की एकच पालुपद, "जागा सोड ना बापा." भीमजयंतीच्या फ्लायरवर मी कमिटीतल्या सगळ्यांचे फोटो कोंबले, तर म्हणतात कसे, "हे आमंत्रण आहे का मतदारयादी?" मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

गेल्या महिन्यात त्यांच्या प्रज्ञाच्या लग्नाचं कार्ड आलं. पोरीने स्वतःच केलेलं, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये. पाच तऱ्हेची अक्षरं, सोनेरी मोर, आणि मोराच्या शेपटीत अडकलेलं नवरदेवाचं नाव. आता या कार्डाची काही खैर नाही, म्हणत मी गंमत बघायला शेजारी गेले.

काका कार्ड समोर ठेवून बसले होते. म्हणाले, "छान आहे."

"काका, ताप आहे का तुम्हाला?"

ते हसले नाहीत. "आठ वर्षांची होती. फादर्स डेला मला कार्ड करून आणलं. मी चुकांवर खुणा केल्या आणि म्हटलं, परत करून आण. वर्गात करायचो तसंच. त्यानंतर तिने मला कधी काही करून दाखवलं नाही. आज बावीस वर्षांनी हे."

मला फार वाईट वाटलं. "मग तिला सांगा ना, छान झालंय म्हणून."

"तिला खरं वाटेल?"

मीच त्यांच्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हाय बाबा. कार्ड मिळालं?" काका कार्डाकडेच बघत राहिले. पलीकडे प्रज्ञाने उसासा टाकला. "ओके, टेल मी. व्हॉट डिड आय डू राँग?"



"तू नाही चुकली, बेटा," काका म्हणाले. "मी चुकलो."