खळग्याची पात्रता

ज्या गोष्टीला खर्च येत नाही, ती सार्वजनिक हिताची असूच शकत नाही. हवा याला अपवाद होती, पण तिचंही हल्ली मोजमाप सुरू झालं आहे.

शाळेमागच्या मैदानातला खळगा असाच वर्षानुवर्षं बिनखर्ची पडून होता. त्याच्या काठावर एक बाक होता आणि संध्याकाळी त्या बाकावर मावशी असत. (बाक महापालिकेचा, मावशी स्वतःच्या.) लहानपणी त्यांची एक चप्पल या खळग्यात रुतून कायमची गेली होती आणि लग्नानंतर नवऱ्याने सायकल शिकवताना त्यांना पाडलं होतं तेही इथेच. नवरा आता नव्हता; खळगा होता. पाऊस आला की तो भरे, मावशी घरी जाऊन चहा घेऊन येईपर्यंत रिकामा होई आणि मग बेडूक त्यावर रात्रभर चर्चा करत. त्या काळी पाऊस पडत असे आणि पुढे तो कुठे जातो हे विचारायची पद्धत नव्हती.

मग पद्धत पडली. पावसाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, एकूण पावसापैकी शंभर टक्के पाऊस वरून पडतो असा निष्कर्ष निघाला, आणि सार्वजनिक जागांत तो अडवून जमिनीत जिरवण्यासाठी भरघोस निधी मंजूर झाला. काम आलं मावशींच्या भाच्याकडे. भाचा महापालिकेत अभियंता होता. निधी न वापरता परत गेला, तर त्याची बदली भटक्या जनावरांच्या विभागात ठरलेली होती (तिथून आजवर फक्त जनावरं परत आली आहेत).

नागरिकांचं मत आजमावण्यासाठी मैदानातच सभा भरली. उपस्थिती: एक मावशी, दोन कुत्री, पैकी एक झोपलेलं.

"सोन्या, अरे इथे पाणी आपोआप जिरतं की," मावशी म्हणाल्या.

"हळू बोल ना मावशी! पाहणी पथक आलंय."

नेमका तेव्हाच पाऊस आला, खळगा भरला आणि पथकाचं सरबत संपायच्या आत रिकामाही झाला. पथकाने शेरा मारला: "जागा अपात्र. वाहते पाणी आढळले नाही. जे वाहत नाही ते अडवता येत नाही आणि जे अडवलेले नाही ते जिरवता येत नाही." भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. (त्या दिवशी तिथून पळालेलं पाणी तेवढंच. पथकाने त्याची नोंद घेतली नाही.)

"तुझ्या या खळग्याने माझा घात केला," पथक गेल्यावर बाकावर बसून भाचा म्हणाला.

"त्याने काय केलं रे? गपचूप पाणी पितो बिचारा."

"तेच तर! चार थेंब तरी वाहू द्यायचे होते."

"ते तू बघ. पण बाक हलवायचा नाही, सांगून ठेवते. मी कुठे बसू मग?"

"बाकाला हात लागणार नाही. तुझी शपथ."

"माझी नको. तुझ्या साहेबांची घे."

भाच्याने घेतली. मग सुशोभीकरणाच्या निधीतून खळगा बुजवला आणि मैदानभर चकचकीत फरशी घातली, म्हणजे पाणी वाहील. बाक तात्पुरता गोदामात गेला. (साहेबांना फक्त सर्दी झाली.)

पुढच्याच पावसात प्रयोग यशस्वी झाला. पाणी मैदानावरून जे सुटलं ते थेट गल्लीत, गल्लीतून मावशींच्या स्वयंपाकघरात. दुधाचं पातेलं तरंगत शेजारणीकडे गेलं. भाचा कॅमेरा घेऊन धावत आला.

"मावशी, जरा रडवेली दिसतेस का? अर्जाला फोटो लागतो."

"पातेलं परत आणून दे आधी. त्यात दूध नसलं तर आपोआप दिसेन."

अर्ज गुणवत्ता यादीत पहिला आला. फरशीखाली एवढी मोठी टाकी बांधली, की तिच्यात लग्नाचं वऱ्हाड उतरावं. पाणी अडलं. आता फक्त जिरवायचं राहिलं होतं. त्याला माती हवी, आणि माती तर फरशीखाली गेलेली. म्हणून मैदानाच्या एका कोपऱ्यातली फरशी फोडली. टाकी खणताना कंत्राटदाराने उचलून नेलेली मातीच त्याच्याकडून 'उच्च प्रतीची शोषक मृदा' म्हणून परत विकत घेतली. ती मध्यभागी किंचित खोलगट पसरावी, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला. सल्ल्याचे पैसे वेगळे. बेडूक दुसऱ्या टप्प्यात आहेत.

या जागेला कठडा, फाटक आणि पहारेकरी मिळाला. गावोगावचे पाहुणे रांग लावून माती बघायला येऊ लागले. बाकही परतला, पण कठड्याच्या आत, जिथे नागरिकांना बसायला मनाई. मावशी फाटकाशी हटून बसल्या. शेवटी भाच्याने साहेबांकडून मंजुरी काढली आणि बाकाशेजारी पाटी लागली: 'पारंपरिक वापरकर्ती (चालू स्थितीत).' आता मावशी रोज संध्याकाळी अधिकृतपणे बसतात. एकदा त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "पूर्वीही हे अस्संच होतं." माहिती देणारा मुलगा लगबगीने म्हणाला, "आजींना तसं वाटतं." सगळे मायेने हसले.

परवाच्या रांगेतलं शेवटचं माणूस फारच भारावलं होतं. "काय कल्पना आहे! साधी माती, पण सुचायला हवी!" मग निघताना ते कठड्याला चप्पल घासत म्हणालं, "सगळं उत्तम हो. फक्त पायाला चिखल लागतो तेवढा. इथे फरशी का नाही घालत? आम्ही अंगणात घातली, किती सुटसुटीत वाटतं."

भाच्याचे डोळे चमकले. अशा सूचनेला निधी मिळतो. मावशींनी बाकाची कड घट्ट धरली आणि कोण बोललं ते बघायला मान वळवली.

आता मागे वळून बघू नका. रांगेत तुमच्या मागे कुणीच नव्हतं.