बेचाळीस प्रश्न आणि एक पाळणाघर

"हेही नापास?" बायकोनं विचारलं.

"नापास!" तपासनीसबुवांनी वहीत फुली मारली. "कठड्याच्या गजांमध्ये चार बोटं अंतर. आपली ठकी तिनातून निसटेल."

नऊ महिन्यांची ठकी तेव्हा त्याच वहीचा कोपरा चघळत होती. बुवा डब्यांच्या कारखान्यात तपासनीस. झाकण घट्ट बसतं की नाही, हे बघण्यात त्यांची अकरा वर्षं गेलेली. तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा बाणा. पाळणाघर निवडायलाही त्यांनी बेचाळीस प्रश्न काढले होते आणि आतापर्यंत पाच पाळणाघरं निकालात काढली होती.

बायको पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. सोमवारी ती रुजू झाली नाही, तर तिनं अर्धा काढून ठेवलेला पूल दुसऱ्याच्या टेबलावर जाणार होता. त्या पुलात तिचा जीव अडकला होता.

"सोमवारच्या आत एकाला तरी शिक्का मार," ती म्हणाली. "नाहीतर ठकीला तू सांभाळ."

"मी? अगं, मला साधा लंगोट बदलायला जमत नाही!"

हे 'जमत नाही' गेले नऊ महिने बिनबोभाट खपत आलं होतं. त्याची तपासणी मात्र कुणी केली नव्हती.

आता उरलं होतं शिंप्याच्या दुकानावरचं मावशींचं पाळणाघर. शुक्रवारी दुपारी दोघांनी मिळून जायचं ठरलं. बुवांनी मान डोलावली, पण मनात बेत वेगळाच. आधी कळवून गेलं की सगळे झाडूनपुसून बसतात. अचानक धाड घालावी, तेव्हा खरं काय ते दिसतं. म्हणून शुक्रवारी सकाळी "निघतो कामावर" म्हणत ते डबा न घेताच बाहेर पडले. खिशातून वही डोकावत होती. बायको दारात उभी राहून हसली. बुवांना वाटलं, प्रेमानं हसली.

पाळणाघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. काखेत एक पोर, पायाला बिलगलेलं दुसरं. बुवांनी तोंड उघडायच्या आत त्या कडाडल्या, "आलात एकदाचे! आमची बाई रजेवर, बदली माणूस मागितला आठ वाजता, आणि तुम्ही उगवताय नऊला! हात धुवा आणि तो ॲप्रन चढवा."

'अरे वा,' बुवा मनाशी म्हणाले, 'आतूनच तपासायला मिळतंय!' आणि त्यांनी मुकाट्यानं हात धुतले. साबण होता. प्रश्न पहिला पास.

दुसऱ्याच मिनिटाला मावशींनी एक ओलं पोर त्यांच्यापुढे ठेवलं.

"अहो, हे मला जमत ना..."

"न जमायला काय झालं? डब्याला झाकण लावता येतं ना? तसंच हे. घट्ट, पण एक बोट आत जाईल इतकं."

असं समजावून सांगणारं त्यांना आजवर कुणी भेटलंच नव्हतं! पहिला लंगोट मांडीवर गळला. दुसरा जरा कमी गळला. तिसरा लावून बुवांनी सवयीनं पोर उचलून उलटसुलट करून पाहिलं. थेंब नाही! त्यांना इतका आनंद झाला, की चौथ्या पोराचा कोरडा लंगोटही त्यांनी बदलून टाकला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोरीनं भोकाड पसरलं. तिचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. बुवा एकाला खांद्यावर आणि एकाला कडेवर घेऊन फेऱ्या मारू लागले. मिशी कुणाच्या तरी मुठीत गेली. वही कुस्करलेल्या केळ्याच्या वाटीत पडली आणि एकतीस ते बेचाळीस हे प्रश्न एका दोन दातांच्या गृहस्थानं खाऊन टाकले.

दुपारपर्यंत तिथली पाचही पोरं झोपली. बुवांनी चिकट वही उघडली. स्वच्छता पास, दूध पास, माया पास. खरं सांगायचं तर त्यांचा तिथून पाय निघत नव्हता. पण प्रश्न सातवा आला आणि त्यांचा चेहरा पडला. 'अनोळखी माणसाला आत घेतात का?' ते स्वतःच तर घुसले होते! गेला बायकोचा पूल. त्यांनी जड हातानं लिहिलं, 'घेतात. नापास.'

"ते खोडा," मागून मावशी म्हणाल्या. "अनोळखी माणसाला मी उंबरा तरी ओलांडू देईन का? सकाळीच तुमच्या घरून फोन आला होता. 'मिशीवाला माणूस येतोय, खिशात वही असेल, ठरल्या वेळेआधी तपासायला येईल. जरा कामाला लावा.' फोटोही पाठवला होता. मी डब्यांचं बोलले, तेव्हाच कळायला हवं होतं तुम्हाला."

"पण... बदली माणूस?"

"आमच्या बाई आत निवांत जेवताहेत. कित्येक महिन्यांनी गरम जेवल्या बिचाऱ्या."

जिन्यात पावलं वाजली. ठकीला घेऊन बायको आत आली. नवऱ्याच्या अंगावरचा ॲप्रन, मिशीतलं केळं आणि ओळीनं झोपलेली पाच पोरं तिनं शांतपणे पाहून घेतली.

"मग? शिक्का?"

"मारला," बुवा म्हणाले. "सोमवारी तू खुशाल जा तुझ्या पुलाकडे."

"आणि हे कसे आहेत हो, मावशी?"

"शेवटचा लंगोट अडीच मिनिटांत. गळती नाही. पास."

मावशींनी ठकीला घ्यायला हात पुढे केले. ठकी एकदम गप्प झाली, लाल झाली आणि मग तिनं समाधानानं सुस्कारा सोडला. वास सगळ्यांनाच आला.

"मला ते..." बुवांनी नऊ महिन्यांच्या सवयीनं सुरुवात केली. दोघीही त्यांच्याकडे बघत राहिल्या.

बुवांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि लेकीला जवळ घेतलं.