नळवार्तेचं दरपत्रक

प्रज्ञेशच्या मते पुण्यात मोल फक्त दोन गोष्टींना होतं. पाण्याला, आणि पाणी कधी येणार या माहितीला. पहिली गोष्ट खडकवासल्यात होती, दुसरी प्रज्ञेशच्या लॅपटॉपमध्ये.

विश्रांतवाडीतल्या आपल्या खोलीतून तो रोज सकाळी ‘नळवार्ता’ नावाचं ईमेल पाठवायचा. धरणात पाणी किती, उद्या कुठे येणार, कुठे नाही, आणि शेवटी एक विनोद. वाचक चारशेच्या आसपास. त्यातले बहुतेक निवृत्त, म्हणजे ईमेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे आणि विनोदातली चूक दुपारच्या आत कळवणारे.

वर्षभरात या उद्योगातून एक रुपयाही आला नव्हता. अखेर त्याच्या वडिलांनी, सुखदेवरावांनी, जेवता जेवता निकाल दिला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक तरी जाहिरात मिळव. नाहीतर सोमवारपासून स्वारगेटचा बँक परीक्षेचा क्लास. चौकशी करून झाली आहे.

“एक?” प्रज्ञेश म्हणाला. “बाबा, शुक्रवारी रांग लागेल. तुम्ही फक्त टोकन वाटा.”

आता जाहिरातीचा दर काय लावायचा? परदेशातल्या जाणकारांचं त्याने इंटरनेटवर वाचलं. ते हजार वाचकांमागे दर लावत होते. त्या हिशोबाने नळवार्तेतली एक जाहिरात म्हणजे एक मिसळ झाली असती, तीही जादा पावाशिवाय. प्रज्ञेशने जाणकारांना तिथेच निरोप दिला आणि स्वतःची पद्धत काढली. पाणी वेळेवर येणार असेल, तर साधा दर, कारण त्या दिवशी लोक ईमेल उघडून लगेच बंद करतात. पाणी कमी दाबाने येणार असेल, तर दीडपट. पाणी येणारच नसेल, तर दुप्पट, कारण त्या दिवशी तेच ईमेल घरातली सगळी माणसं आळीपाळीने वाचतात, आधीच्याने चुकीचं वाचलं असेल या आशेने.

पहिलं गिऱ्हाईकही ठरलं होतं. टँकरवाले यज्ञेश्वरशेठ. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार होतं आणि त्या दिवशीच्या अंकात त्यांना टँकरची जाहिरात हवी होती. दुप्पट दरालाही ते हो म्हणाले होते. फक्त दर कागदावर पाठवा म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी सुखदेवरावांनी प्रज्ञेशने केलेला दरांचा मसुदा वाचला आणि हे दरपत्रक आहे की लग्नपत्रिका, असं विचारून लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती. अर्ध्या तासात दरपत्रकाला विषय, संदर्भ आणि अटी फुटल्या. शेवटची अट अशी होती, की मोबदला रोख देणं शक्य नसल्यास समतुल्य वस्तू अथवा सेवा स्वीकारण्यात येईल.

“ही कशाला?” प्रज्ञेशने विचारलं.

“शेठने पैशांऐवजी टँकर पाठवला तर परत करणार आहेस?”

“मुळीच नाही,” स्वयंपाकघरातून आई, म्हणजे हिराताई, म्हणाल्या.

उद्या पाणी नाही म्हणून प्रज्ञेश आजच अंघोळीला गेला. जाताना, तेवढं शेठना पाठवून द्या, असं सांगून गेला. ही त्याची चूक. ज्या माणसाने आयुष्यात एकही पत्र ‘प्रत माहितीसाठी’ लिहिल्याशिवाय बाहेर सोडलं नाही, त्याच्या हाती चारशे पत्ते देऊन कुणी अंघोळीला जात नाही.

“कुणाकुणाला पाठवलंत?” बाहेर येऊन त्याने विचारलं.

“संबंधितांना.”

“संबंध कुणाचा येतो बाबा?”

“पाण्याशी?” सुखदेवराव चष्मा पुसत म्हणाले. “सगळ्यांचाच येतो.”

गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या सोसायटीतले तात्याराव होते, गणिताचे निवृत्त शिक्षक. मागे आणखी तिघं. प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली.

“नळवार्ता आपलीच ना?”

“हो काका. मी फक्त बातमी देतो.”

“पाणी नसेल तर दर दुप्पट. आज पाणी नाही. इतकं गणित मला अजून येतं.”

“अहो, पाणी मी बंद केलेलं नाही.”

“मग सोडा.”

“बंद मी केलं नाही, तर सोडणार कसं?”

“बंद करणारा दुसरं काय म्हणणार?” तात्यारावांनी मागे वळून बादल्यांची संमती घेतली.

प्रज्ञेश व्हॉल्व्ह, जलवाहिनी, दुरुस्ती असं सगळं समजावू लागला. सहज म्हणून वाचकांची यादी दाखवायला त्याने मोबाइलवरचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातला नळ खाकरला, शिंकला आणि धो धो वाहू लागला. दुरुस्ती लवकर संपली होती.

तात्यारावांनी मोबाइलकडे पाहिलं. मग प्रज्ञेशकडे. मग अतिशय नम्रपणे म्हणाले, “आभारी आहे. येतो आम्ही.”

अकरा वाजता यज्ञेश्वरशेठचा फोन आला. दोन टँकर भरून उभे केले होते त्यांनी. “दुप्पट दर कबूल केला होता ना मी? मग दुपारपर्यंत दम धरायचा! पाणी सोडायची एवढी काय घाई होती तुम्हाला?” पैसे तर ते देणार नव्हतेच, वर प्रज्ञेशचं नाव टँकरवाल्यांमध्ये कायमचं खराब झालं.

शुक्रवारपर्यंत नळवार्तेला जाहिरात सोडून सगळं आलं. शनिवारी मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत, दाब वाढवावा. चौथ्या मजल्याचाही विचार व्हावा. आमच्या खालच्यांचं बंद केल्यास काय पडेल?

संध्याकाळी सुखदेवराव घड्याळाकडे बघत बसले होते, तेवढ्यात ईमेल आलं. कुणी नंदा मॅडम. दरपत्रक त्यांच्याकडे फिरत फिरत पोचलं होतं. इतकं बारकाईने वाचलं जाणारं पत्रक त्यांनी पाहिलं नव्हतं, पुढच्या पाणी-बंदच्या दिवशी त्यांना जाहिरात हवी होती. दुप्पट दर मान्य!

प्रज्ञेश खुर्चीवर उभा राहिला. “आली! बाबा, क्लास रद्द!”

“पूर्ण वाच,” सुखदेवराव म्हणाले.

त्याने पूर्ण वाचलं. नंदा मॅडमचा स्वारगेटला बँक परीक्षेचा क्लास होता. शेवटच्या अटीनुसार, रोख रकमेऐवजी, त्या क्लासमधली एक जागा देत होत्या. बॅच सोमवारी सुरू.

तो खुर्चीवरून उतरेपर्यंत सुखदेवरावांनी ‘मान्य’ असं उत्तर पाठवलंही होतं. प्रत माहितीसाठी, सर्व वाचकांना.

पहिलं उत्तर तात्यारावांचं आलं.

“अभिनंदन. क्लासला जाताना पाणी चालू ठेवून जाणे.”