गेमिंग लॅपटॉप आणि दाजींची परात

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कॉम्प्युटर ह्या विषयात मला कुणी शिकवायला जाऊ नये! राजारामपुरीत माझा क्लास आहे, 'बसवेश कॉम्प्युटर्स'. अर्ध्या कोल्हापूरला माऊस धरायला मी शिकवलंय. उरलेलं अर्धं अजून फी विचारून परत जातं, तो भाग वेगळा. बंद पडलेल्या कॉम्प्युटरला मी नुसता कान लावतो आणि सांगतो, पंखा गेलाय का मालकाचं डोकं गेलंय!

त्यामुळं दोन हजार सातच्या उन्हाळ्यात दाजींचा फोन आला, तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. उलट एवढा उशीर का, असंच वाटलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, दानम्मा अक्काचे यजमान. नाव शिवपुत्र. उचगावात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. जगातली कुठलीही वस्तू दाजी दोनच कसोट्यांवर पारखतात. हातात घेऊन वजन बघायचं आणि टिचकी मारून आवाज ऐकायचा. मलासुद्धा त्यांनी लग्नात पाठीवर थाप मारूनच पास केलं होतं.

"बसू," दाजी म्हणाले, "सौंदर्याला स्थळ आलंय. पोरगा बेंगलोरला हाय."

"झकास की! करतो काय?"

"तिथंच घोडं अडलंय. लॅपटॉपवर गेम खेळतो म्हणं."

"फावल्या वेळात?"

"न्हाय रं! तीच नोकरी हाय! कंपनी नवा लॅपटॉप काढती, आणि ह्यो त्याच्यावर खेळून सांगतो, चांगला का वाईट. आता तूच सांग, खेळायला कुणी पगार देतंय व्हय?"

"दाजी, त्याला मूल्यमापन म्हणतात."

"काय बी म्हण. रविवारी मुलगी बघायला येणार हाईत, लॅपटॉप बरोबर आणतोय. मी पोरगा पारखतो, तू लॅपटॉप पारख. लॅपटॉप खोटा निघाला तर पोरगा बी खोटा!"

एका अर्थी भाचीचं अख्खं आयुष्य माझ्या हातात आलं होतं. सौंदर्या एकुलती एक, पोरगी गुणी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. आता खरं सांगायचं तर गेमिंग लॅपटॉप मी तोवर डोळ्यांनी बघितला नव्हता. पण ज्याला म्हैस कळते त्याला रेडा का अवघड जावा?

रविवारी दुपारी कलल्यावर पाहुणे आले. मुलगा श्रीशैल आणि त्याचे वडील, दोघंच. वडिलांना सगळे आण्णा म्हणत. किडकिडीत, मऊ बोलणारे, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. हात जोडून 'शरणु शरणार्थी' म्हणून झालं, पाणी झालं, शेंगाच्या पोळ्या झाल्या. सौंदर्या येऊन बसली. दाजींनी श्रीशैलला ऊस, पाऊस आणि पाहुणेरावळे विचारून घेतले आणि मग मला डोळ्यानं खूण केली.

"पावणं," मी खाकरलो, "ते तुमचं यंत्र जरा बघू की."

श्रीशैलनं पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला. अरे बापरे! लॅपटॉप कसला, पाटाच! वरवंटा तेवढा द्यायचा राहिला होता. आणि त्या वरवंट्याची जागा चार्जरनं भरून काढली होती. चार्जर असा, की रागाच्या भरात कुणाला मारला तर थेट कलम लागेल! झाकण उघडलं आणि आतून निळे, तांबडे दिवे लागले.

"अगं बाई, गणपतीची आरास!" अक्का म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

दाजींनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून वजन घेतलं. टिचकी मारली. कान लावला. "पत्र्याचा गेज चांगला हाय, जाड हाय," म्हणून माझ्याकडं सरकवला.

मग मी मुलाखत सुरू केली. आता इथं नीट लक्ष द्या. सगळं रामायण ह्या मुलाखतीतून झालं, आणि त्यात माझी तसूभरही चूक नव्हती!

"आजवर किती गेम झाल्या?" मी विचारलं.

"मोजल्याच नाहीत, मामा," श्रीशैल लाजत म्हणाला.

"एकट्यानं करता?"

"नाही, टोळकं आहे आमचं. वरून सांगतात, अमुक दिवसात अमुक गेम संपवा. की आम्ही बसलो."

"आणि एखादी जमली नाही तर?"

"सोडायची नाही. परत करायची. रिझल्ट मिळाल्याशिवाय साहेब घरी जाऊ देत नाहीत."

"घरच्यांना चालतं हे?"

"आण्णांना आधी भीती वाटायची. आता तेच विचारतात, आज कुणाची गेम केलीस!"

आण्णा कौतुकानं हसले. मीही हसलो. दाजी हसले. हसली नाही ती फक्त अक्का. ती चहाचा ट्रे घेऊन पडद्याआड उभी होती! आणि गेम करणं म्हणजे माणूस उडवणं, हे अक्काला रोजच्या पेपरवरून चांगलं ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात कुणाची तरी 'गेम' झाल्याचं तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं! ट्रे तिथंच ओट्यावर ठेवून अक्का परसदारानं बाहेर पडली. आम्हाला वाटलं, चहा उकळतोय.

इकडं दाजींनी मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं. जाताना श्रीशैल मला म्हणाला, "मामा, तुम्ही बघा निवांत. फक्त खालून हवा जाऊ दे, लई तापतो. अजून बाजारात आलेला नाही, आमच्याकडं हा एकच नग आहे. उद्या सकाळी ह्याचा रिपोर्ट द्यायचाय."

"मला सांगताय व्हय?" मी म्हणालो.

तो गेला. मी गादीवर मांडी घातली, लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि एक गेम सुरू केली. लढाईची होती. मी कोण, शत्रू कोण, हे कळायच्या आत मी मेलो. परत सुरू केली. परत मेलो! आण्णा म्हणाले, "माझा श्रीशैल इथून पुढं पार डोंगरापर्यंत जातोय." आता आली का पंचाईत! मी बाह्या सरसावल्या.

थोड्या वेळात लॅपटॉपचा पंखा असा गरजायला लागला, की शेजारी मिरच्या कांडायचा डंक सुरू झाल्याचा भास व्हावा. गादी गरम झाली. दाजींनी तळहात लावला आणि झटकन मागं घेतला.

"बसू, हेच्यावर भाकरी भाजंल की!"

"दाजी, घाबरायचं न्हाय. ह्याला शीतकरण लागतं. एक परात आणा, थंड पाण्यानं भरून."

भांड्यांचं दुकान घरचंच. दाजींनी अशी परात आणली की तीत वासरू अंघोळ करील! माठातलं पाणी ओतलं. परातीवर आडवा पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप. खालून पाण्याचा गारवा, वरून माझी बोटं. आण्णा चकित होऊन म्हणाले, "हे बेंगलोरला कुणाला सुचलं नसंल!"

"सुचणारच न्हाय," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

तोवर अक्का समोरच्या तालमीत पोचली होती. आकाराम वस्ताद पोरांकडून जोर काढून घेत होते. अक्का उंबऱ्यातूनच ओरडली, "वस्ताद, धावा! माझ्या घरात गेम करणारी माणसं बसल्यात! पोरगा हाय, बाप हाय! बाप रोज इचारतोय म्हणं, आज कुणाची केलीस!"

वस्ताद तसेच उठले. अंगाला तांबडी माती, मागं दोन पैलवान. दारापाशी आले आणि आतून माझा आवाज ऐकू आला. मी तेव्हा खेळात रंगलो होतो.

"मेलो! मेलो! दाजी, संपलो मी!"

"अय्यो, बसू गेला!" अक्कानं हंबरडा फोडला.

वस्तादांनी दार ढकललं. दार नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळं ते भिंतीवर आपटलं आणि वस्ताद तोफेच्या गोळ्यासारखे थेट आत! मी दचकून उठलो. चार्जरची वायर माझ्या पायात. मी एका बाजूला, पाट दुसऱ्या बाजूला, आणि लॅपटॉप... काय सांगू! घाटावरून म्हैस पाण्यात उतरावी, तसा शांतपणे परातीत उतरला. एकदा 'चुर्र' झालं. दिवे गेले. पंखा थांबला. 

वस्तादांनी तोवर आण्णांना दोन्ही हातांनी कवळ घालून अधांतरी धरलं होतं. "ह्योच का गेम करणारा?"

"मी न्हाय ओ!" आण्णा हवेत पाय झाडत ओरडले. "माझा पोरगा करतोय!"

"बघा! कबूल झाला!" अक्का म्हणाली.

"अगं, कॉम्प्युटरवरचा खेळ गं!" दाजी कपाळावर हात मारून ओरडले. "गाड्या पळवायच्या, बंदुका उडवायच्या! पोरंसोरं खेळत्यात तसला!"

वस्तादांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी मान हलवली. वस्तादांनी त्यांना हळूच खाली ठेवलं, त्यांच्या सदऱ्यावरची तांबडी माती झटकली, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "पावणं, अंग हलकं हाय तुमचं. जरा दूध पीत चला."

जिन्यावरून श्रीशैल आणि सौंदर्या खाली आले. श्रीशैलनं परातीत बघितलं. त्याचा चेहरा असा झाला, की मला एकदम घरी जावंसं वाटलं.

"उद्या... रिपोर्ट..." एवढंच तो म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. "नोकरी गेली, आण्णा."

 पोराची नोकरी, भाचीचं लग्न, दोन्ही एकाच परातीत बुडालेलं. तरी मी धीर सोडला नाही. "घाबरू नका," म्हणालो, "सुरू करून बघू या!" आणि बटणाकडं बोट नेलं.

"मामा, हात लावू नका!"

सौंदर्या होती. एवढ्या मोठ्या आवाजात ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. तिनं आधी भिंतीवरची पिन उपटली. मग लॅपटॉप उचलून उलटा केला, बॅटरी काढली, अक्काच्या शिवणयंत्राच्या खणातनं बारका पेचकस आणला आणि एकेक स्क्रू काढून क्रमानं ताटात मांडायला लागली. पैठणी नेसलेली, केसांत गजरा, आणि हातात पेचकस! तिला हे सगळं कसं येत होतं? तर ती माझ्या क्लासला कधी आली नव्हती!

श्रीशैल पायरीवरून उठला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. "ती पट्टी सावकाश," तो म्हणाला. "माहीत आहे," ती म्हणाली. मग दोघं एकमेकांच्या हातात स्क्रू, पट्ट्या देत काम करत राहिले. आण्णा माझ्या कानाशी लागले, "वर गच्चीवर इतका वेळ दोघांचा आवाजच न्हवता. आता बघा!"

सुटे भाग पंख्याखाली पसरले. तासाभरासाठी आलेले पाहुणे मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी अक्कानं ते सगळं गच्चीवर सावलीत, कुरडयांच्या शेजारी, चाळणीखाली झाकून वाळत ठेवलं. श्रीशैलनं साहेबाला फोन केला. मी कान देऊन ऐकत होतो.

"हो सर, रिपोर्टला उशीर होतोय. पाण्याची चाचणी चाललीय... नाही सर, यादीत नव्हती... मामांनी घेतली... नाही सर, कंपनीचे नाहीत. सासरचे."

'सासरचे' ऐकून दाजींच्या हातातला तांब्या पडला. अक्का देवापुढं धावली.

दुपारी सौंदर्यानं जोडणी केली. मला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं होतं. वस्ताद शेजारी होते, मी हललो तर धरायला. श्रीशैलनं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग आत कुठंतरी घरघर झाली आणि निळे, तांबडे दिवे लागले! आण्णांनी टाळी वाजवली. दाजींनी वाकून टिचकी मारली.

"आवाज बदलला न्हाय," ते म्हणाले. "दोघं बी पास!"

"माझं पण ऐका," सौंदर्या म्हणाली. "मला पसंत आहे. पण लग्नात मंडपातल्या वायरला मामांनी हात लावायचा नाही."

दिवाळीनंतर लग्न झालं. मी शब्द पाळला, अक्षता सोडून कशालाच हात लावला नाही. पुढं तो लॅपटॉप बाजारात आला. जावईबापूंनी एक मला भेट पाठवला. खोक्यात सूचनांची इंग्रजी पुस्तिका होती, ती मी पानन् पान वाचली. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात छापलं होतं : 'हे यंत्र पाण्यानं भरलेल्या उघड्या भांड्यावर ठेवून वापरू नये.'

मंडळी, माझ्या मूल्यमापनाची थेट कंपनीनं दखल घेतली होती! नाव तेवढं घातलं नव्हतं, मोठ्या कंपन्या कुणाला श्रेय देत नाहीत. मी ते पान क्लासमध्ये भिंतीवर लावलं आणि पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

मुरगूडहून येणारी एक मुलगी होती, वर्षाराणी. ती उठून म्हणाली, "सर, पण असं करणारं येडं कोण असंल ओ?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

"असत्यात गं काहीजण," मी म्हणालो. "चला, माऊस धरा बघू!"